परिपत्रक आणि फड

सहकारी साखर कारखान्यांना काळाची पावले ओळखता येत नाहीत, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. 1950 च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी कारखाना उभा केला, तोच मुळी भविष्यावर लावलेला डाव होता. पुढे बगॅसवर वीज आली, मळीपासून इथेनॉल आले. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट केंद्राने 2030 वरून 2025 वर आणले, तेव्हा अनेकांनी कर्ज काढून डिस्टिलऱ्या वाढवल्या.

मग 7 डिसेंबर 2023 ला, गळीत हंगाम सुरू असताना, दिल्लीहून आदेश आला: उसाच्या रसापासून इथेनॉल करू नका. पाऊस कमी झाल्याने साखर अपुरी पडेल, ही भीती त्यामागे होती. थोड्याच दिवसांत आदेश सैल झाला, पण मर्यादा राहिली. कर्जाचे हप्तेही राहिले. आपण धोरणालाच भविष्य समजून बसलो, असे मला वाटते. धोरण एका परिपत्रकाने फिरते. पाऊस, जमीन आणि माणसे यांच्यातला बदल सावकाश येतो, आणि सहसा मागे फिरत नाही.

तो पाहायचा तर उसाच्या फडात जावे लागते. मुकादम उचल देतो आणि दसरा-दिवाळीनंतर बीडकडची कुटुंबे कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात उतरतात. त्यांच्या शिकलेल्या मुलांना कोयता धरायचा नाही, आणि त्यांनी तो का धरावा? या बदलाची पहिली चाहूल कारखान्याच्या शेतकी खात्यातल्या, तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या चिटबॉयला लागते. कोणत्या गावची टोळी यंदा आलीच नाही, कोणत्या शिवारातल्या विहिरी माघातच आटल्या, हे त्याला ठाऊक असते. संचालक मंडळाला ते कळेपर्यंत ऊस शेतात उभाच असतो. 2021-22 मध्ये राज्यात 137 लाख टन साखर झाली, गाळप जूनपर्यंत लांबले, आणि मराठवाड्यात तुरे आलेल्या उसाकडे पाहत शेतकरी तोडीची वाट बघत राहिले.

हार्वेस्टर हे उत्तर अर्धेच. यंत्राला रुंद सरी आणि मोठा सलग प्लॉट हवा. शेजारशेजारच्या सभासदांनी एकाच वेळी लागण केली तरच ते परवडते. म्हणजे निर्णय तोडीच्या वर्षभर आधीच, सभासदांच्या बैठकीत व्हायला हवा. इथे सहकाराचे बळ आहे, कारण ऊस घालणारा शेतकरीच कारखान्याचा मालक असतो. त्याच्याशी पाण्याबद्दल खरे बोलता येते, काही क्षेत्र उसाखालून काढण्याचा विषयही काढता येतो. अवघड आहे हे खरे: उसाला एफआरपीचा, म्हणजे केंद्राने ठरवलेल्या किमान दराचा, आधार आहे, तेवढी खात्री दुसऱ्या पिकाची नाही, आणि मते मागायला जाणारा अध्यक्ष हा विषय टाळतो.

तरी सुरुवात करता येईल. चिटबॉयला आणि मुकादमाला दर महिन्याला संचालकांसमोर बसवावे, त्यांचे म्हणणे इतिवृत्तात लिहावे, आणि लागणीचा कार्यक्रम त्यावरून आखावा. तोडणीला आलेल्या बायकांनाही विचारावे. पुढच्या वर्षी घरातले कोण येणार, हे त्या आजच सांगू शकतात.