रक्ताची पिशवी आणि दिलेला शब्द

2022च्या मे महिन्यात नागपूरच्या एका बातमीची राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने स्वतःहून दखल घेतली. थॅलेसेमिया असलेल्या चार मुलांना चढवलेल्या रक्तातून एचआयव्हीची लागण झाल्याचा आरोप होता आणि त्यांतले एक मूल दगावले होते. आयोगाने राज्याच्या मुख्य सचिवांना नोटीस धाडून अहवाल मागवला. अशा बातमीनंतर दोन प्रश्न हमखास उठतात: चूक कोणाची, आणि सरकार मदत किती देणार? हे पैसे कोणत्या नात्याने द्यायचे, हा तिसरा प्रश्न मात्र बहुधा बाजूला पडतो. दया म्हणून दिले तर रक्कम देणाऱ्याच्या मर्जीवर राहते आणि घेणाऱ्याला हात पसरावा लागतो. दंड म्हणून दिले तर आधी गुन्हेगार सापडावा लागतो. मला वाटते, ही भरपाई दिलेला शब्द पाळण्याचा भाग आहे. म्हणूनच ती मर्जीवरही सोडता येत नाही आणि गुन्हेगार सापडेपर्यंत अडवूनही ठेवता येत नाही.

शब्द कोणी आणि कुठे दिला, हे पाहायला रक्ताच्या पिशवीवरचे लेबल पुरेसे आहे. त्यावर रक्तगट असतो, रक्त घेतल्याची तारीख, वापरायची मुदत, रक्तपेढीचा परवाना क्रमांक आणि चाचण्यांचा निकाल असतो. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया या पाच तपासण्या केल्याशिवाय रक्त देता येत नाही. कायद्याच्या लेखी रक्त हे औषध आहे, आणि सरकारी परवान्याशिवाय रक्तपेढी चालवता येत नाही. थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते. चिठ्ठी घेऊन खिडकीपाशी उभ्या असलेल्या बापाला पिशवीतले काहीही तपासता येत नाही, आणि नको म्हणण्याची सोयही नाही. तो रक्तदात्याला ओळखत नाही, तंत्रज्ञालाही ओळखत नाही. त्याचा भरवसा त्या शिक्क्यावर असतो. 4 जानेवारी 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘कॉमन कॉज’ खटल्यात धंदेवाईक रक्तदात्यांकडून रक्त घेणे बंद करायला सांगितले, राष्ट्रीय आणि राज्य पातळीवर रक्त संक्रमण परिषदा नेमायला लावल्या. ते योग्यच झाले. पण सगळी व्यवस्था आपल्या देखरेखीखाली घेतल्यावर तिच्यातून आलेल्या पिशवीबद्दल सरकारला त्रयस्थ राहता येत नाही.

या विचाराला नेवाशात जुना आधार आहे. शके 1212मध्ये, म्हणजे 1290 साली, ज्ञानेश्वरी प्रवरेकाठच्या याच गावात सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. परंपरा सांगते की त्याआधी सच्चिदानंदबाबांचे प्रेत स्मशानाकडे निघाले होते. सती जायला निघालेल्या त्यांच्या पत्नीने ज्ञानदेवांना नमस्कार केला आणि त्यांनी अखंड सौभाग्याचा आशीर्वाद दिला. नवरा गेल्याचे कळल्यावर ज्ञानदेवांनी शब्द परत घेतला नाही, त्या माणसाला उठवले. ही कथा इतिहास म्हणून मानायची की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. तिच्यातला नैतिक निवाडा मात्र स्पष्ट आहे. त्या मृत्यूत ज्ञानदेवांचा काही दोष नव्हता. आशीर्वाद देताना त्यांना वस्तुस्थिती ठाऊकही नव्हती. तरीही अधिकारवाणीने दिलेला आणि समोरच्याने विश्वासाने घेतलेला शब्द त्यांच्यावर बंधनकारक झाला. मेलेल्याला उठवणे सरकारला जमणार नाही, हे खरे. म्हणून तर उपचार आणि पैसा, एवढे जे त्याच्या हाती आहे, ते टाळायला त्याला जागा उरत नाही.

यावर पहिला आक्षेप आपल्याच घरातला आहे: ज्याचे त्याचे भोग, प्रारब्ध कोणाला चुकले? दुःख सोसणाऱ्याने स्वतःच्या मनाला शांती मिळावी म्हणून हा विचार धरला तर त्यात वावगे काही नाही. पण तो देणेकऱ्याच्या तोंडी आला की निव्वळ पळवाट होते. घरफोडी झालेल्या माणसाला फौजदार पूर्वजन्मीचे कर्म सांगून परत पाठवू लागला तर आपण ते चालवून घेणार नाही. कोणाच्या गतजन्माचा हिशेब कोणत्याही कार्यालयाकडे नसतो. परवान्याची नोंद मात्र असते. शिवाय बापाच्या कृतीपायी मुलांना वाळीत टाकण्याचा न्याय ‘संन्याशाची पोरे’ म्हणून ज्ञानदेव आणि त्यांच्या भावंडांनीच भोगला होता. त्यांचे नाव घेणाऱ्या समाजाने एचआयव्ही झालेल्या मुलाला भोगाचे तत्त्वज्ञान ऐकवणे शोभत नाही.

दुसरा आक्षेप वैद्यकीय आहे आणि तो अधिक वजनदार आहे. लागण झाल्यानंतर काही दिवस विषाणू कोणत्याच चाचणीत सापडत नाही. ‘नॅट’ चाचणीने हा काळ कमी होतो, संपत नाही. मग सगळे नियम पाळूनही दूषित रक्त गेले, तर पैसे कशाबद्दल द्यायचे? उत्तर आपल्याच कायद्यात आहे. रेल्वे अपघातात प्रवासी दगावला तर रेल्वेची चूक असो वा नसो, वारसांना 8 लाख रुपये मिळतात. लाखोंच्या सोयीसाठी चालणाऱ्या व्यवस्थेतला अटळ धोका ज्याच्या वाट्याला आला, त्याने तो एकट्याने सोसू नये, हे तत्त्व आपण रुळांवर मान्य केले आहे. रक्तपेढीत ते नाकारायला कारण दिसत नाही. दोषाची वाट पाहिली तर काय होते, ते ब्रिटनने दाखवले. तिथे 1970 आणि 1980च्या दशकांत 30,000हून अधिक लोकांना दूषित रक्तातून लागण झाली, सुमारे 3,000 दगावले. त्या वेळी उपलब्ध असलेले उत्तम उपचारच दिले, असे सरकारे वर्षानुवर्षे सांगत राहिली. सर ब्रायन लँगस्टाफ यांच्या चौकशी अहवालाने 20 मे 2024 रोजी तो दावा फेटाळला. त्याच वर्षी भरपाईसाठी 11.8 अब्ज पौंडांची तरतूद झाली. तोवर अनेकजण उरले नव्हते.

तिसरा आक्षेप पुराव्याचा. ऑक्टोबर 2014 ते मार्च 2016 या काळात देशात 2,234 जणांना रक्तातून एचआयव्ही झाल्याची आकडेवारी माहिती अधिकारातून बाहेर आली. त्यात महाराष्ट्रातले 276 होते. हे रुग्णांचे स्वतःचे सांगणे आहे, शास्त्रीय पडताळणी झालेली नाही, असा खुलासा राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने केला. खुलासा रास्त असेल. पण पडताळणी करण्याची साधने रुग्णाकडे नसतात, व्यवस्थेकडे असतात. 2002मध्ये लष्करी रुग्णालयात रक्त चढवलेल्या हवाई दलाच्या एका जवानाला 2014मध्ये आजार कळला, आणि 1 कोटी 54 लाख 73 हजार रुपयांचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 26 सप्टेंबर 2023 रोजी दिला. एका जवानाला इतके लढावे लागते, तर नेवासा तालुक्यातल्या शेतमजुराचा निभाव कसा लागणार? औषधे सरकारी केंद्रात मोफत मिळतात म्हणून भरपाई नको, असे म्हणणाऱ्याने नगरपर्यंतचे एसटीचे भाडे, बुडालेली रोजी आणि शाळेत मुलाच्या वाट्याला येणारी वागणूकही मोजावी.

म्हणून महाराष्ट्राने दोषनिरपेक्ष भरपाईचा कायदा करावा. रक्त चढवल्याची नोंद आणि नंतर आढळलेली लागण एवढे दाखवल्यावर, लागण दुसरीकडून झाल्याचे सिद्ध करण्याचा भार व्यवस्थेवर असावा. क्वचित एखाद्या अपात्र माणसाला पैसे जातील. ते नुकसान पात्र मुलाला रिकाम्या हाताने परत पाठवण्यापेक्षा लहान आहे. निष्काळजीपणाची चौकशी वेगळी चालावी, म्हणजे भरपाई मिळाली म्हणून दोषी सुटणार नाही आणि दोषी सापडला नाही म्हणून भरपाई अडणार नाही. अशाने रक्तदाते बिचकतील ही भीतीही अनाठायी आहे, कारण भार दात्यावर नाही, शिक्का मारणाऱ्यावर आहे. ज्याला या शब्दाची किंमत चुकवावी लागेल, तोच तो अधिक तपासून देईल.