ओळखीचे पुन्हा पाहावे

भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. माझ्या लहानपणी रात्री त्या दिशेचे आकाश तांबडे दिसे. रोजचेच म्हणून आम्ही तिकडे पाहतही नसू.

याच भिलाईजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाई. २०१९ साली पद्मविभूषणाने गौरवलेल्या या पंडवानी गायिकेने या कारखान्यात नोकरीही केली. महाभारत सांगताना त्यांच्या हातातला तंबुरा कधी भीमाची गदा होई, कधी अर्जुनाचे धनुष्य. तंबुरा तोच असे. त्यांच्यामुळे आपल्याला तो नव्याने दिसे.

त्यांची कथा पाहिल्यावर एका रात्री मी गच्चीवर गेलो. आकाश तसेच तांबडे होते. त्या उजेडाखाली बाबांनी वर्षानुवर्षे रात्रपाळी केली, आणि ती कशी असते हे मी कधी विचारलेच नव्हते! सकाळी ते घरी आले, तेव्हा विचारले. चहा निवून गेला, बाबा बोलतच राहिले.

एखाद्याला 'ओळखीचे' म्हटले की आपण त्याच्याकडे पाहणे थांबवतो. हा नकळत केलेला अन्यायच नव्हे का? आज घरातल्या एका माणसाकडे पुन्हा नीट पाहूया.