पद गेल्यावरची लेखणी

संध्याकाळी छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीवर चहाच्या टपरीशी राजकारण रंगतं, तेव्हा सर्वांत खुलून बोलतो तो तिकीट कापलेला कार्यकर्ता. कोणी कुणाला वर काढलं, कुणाचा पत्ता कुठे कटला, सगळं त्याला तोंडपाठ. ऐकणारे मनातल्या मनात चार आणे वजा करतात, पण उठून जात नाहीत. पद असताना हाच माणूस मिठाची गुळणी धरून बसलेला असतो.

इतिहासही पुष्कळदा असाच लिहिला गेला आहे. रोमच्या सॅलस्टवर उत्तर आफ्रिकेतला प्रांत लुटल्याचा आरोप झाला. राजकारणातून बाजूला झाल्यावर त्याने लिहिलं, ते हावेपायी रोम कसं नासलं याबद्दल! टॅसिटसला डोमिशियन बादशहाच्या अमलात बढत्या मिळाल्या. त्या जुलमावर त्याची लेखणी चालली ती इ.स. ९६ मध्ये बादशहा मारला गेल्यावर. पुढे डोमिशियनच्याही आधीच्या टायबेरियस बादशहाचा इतिहास सांगताना राग-लोभ बाजूला ठेवण्याची ग्वाही त्याने दिली. पण त्याच्या तोकड्या, धारदार वाक्यांतल्या टायबेरियसमागे डोमिशियनच उभा असल्यासारखा वाटतो.

आपल्या शहरात या जातकुळीचा माणूस होऊन गेला, तो शाहनवाजखान. १७४१ साली नासिरजंगाने बापाविरुद्ध, म्हणजे पहिल्या निजामाविरुद्ध बंड केलं. खान मुलाच्या बाजूने गेला. बंड फसलं, मर्जी गेली आणि सुमारे पाच वर्षं त्याला घरी बसावं लागलं. त्या सक्तीच्या फुरसतीत ‘मआसिरुल उमरा’ आकाराला आला. मोगल अमीर-उमरावांची शेकडो चरित्रं, तीही वर्णानुक्रमाने. ही मांडणी मला फार बोलकी वाटते. इथे बादशहांच्या कारकिर्दींचा क्रम नाही, मानाची उतरंड नाही. जिंकलेला आणि हरलेला केवळ नावाच्या अक्षरामुळे शेजारी येतात. शाहू भोसलेही याच रांगेत. माणसं वर चढतात, कोसळतात, पान उलटतं. स्वतः कोसळलेल्या माणसालाच ही रचना सुचावी, यात नवल ते काय?

त्याच्या आधीच्या पिढीतला भीमसेन सक्सेना मुळात वर चढलाच नव्हता. बुऱ्हाणपूरचा हा कायस्थ दलपतराव बुंदेल्याच्या पदरी होता. औरंगजेबाच्या दक्षिणेतल्या मोहिमा त्याने छावणीतून पाहिल्या. म्हणून त्याच्या लेखनात थकलेले पगार, महागलेलं धान्य आणि कामचुकार सरदार आहेत. साकी मुस्तैदखानाने त्याच राजवटीचा इतिहास १७१० मध्ये सरकारी दप्तरांवरून पुरा केला. त्यात नेमणुका, बढत्या, खिलती यांची रेलचेल. दोघांपैकी खोटं कोण बोलतं, हा प्रश्न मला फारसा कामाचा वाटत नाही. कोण कुठे उभा होता आणि तिथून त्याला काय दिसणंच शक्य नव्हतं, हे विचारलं की दोघेही उपयोगी पडतात.

आज मात्र आपण आधी लेखकाची जात, धनी आणि धर्म पाहतो आणि मोगलांचा चाकर, निजामाचा दिवाण असे शिक्के मारून मोकळे होतो. या चाळणीतून पार होईल असा इतिहासकार ना रोममध्ये सापडेल, ना इथे. पूर्वग्रह काढून टाकायचा नसतो, त्याचा हिशेब ठेवायचा असतो.

शाहनवाजखान पुढे पुन्हा वर चढला, दख्खनचा दिवाण झाला आणि मे १७५८ मध्ये फ्रेंचांच्या कैदेत असताना मारला गेला. घर लुटलं गेलं, हस्तलिखित बेपत्ता झालं. पाणचक्कीच्या तकियात राहणाऱ्या त्याच्या मित्राने, आझाद बिलग्रामींनी, वर्षभराने ते शोधून जुळवलं. खानाच्या मुलाने, अब्दुल हईखानाने, त्यात भर घालून १७८० मध्ये ग्रंथ पुरा केला. ज्याने इतरांचे उत्कर्ष आणि ऱ्हास लिहिले, त्याचं स्वतःचं चरित्र आझादांनी लिहिलं. ते निःपक्षपाती कसं असेल? पण मैत्रीचा हा पक्षपात नसता, तर आज वाद घालायलाही ग्रंथ उरला नसता.