सोवळे, नळ आणि गटार

पाणी शुद्ध आहे की नाही हे कशावरून ठरवायचे, याची दोन उत्तरे आपल्या परंपरेत शेजारी-शेजारी नांदत आली आहेत. पहिले उत्तर पाण्याकडे पाहते. गाईची तहान भागेल एवढे जमिनीवरचे पाणी, त्यात घाण मिसळलेली नसेल आणि त्याचा रंग, वास, चव ठीक असेल, तर शुद्ध समजावे, असे मनुस्मृतीचा पाचवा अध्याय सांगतो. मलमूत्र, थुंकी, रक्त, विष पाण्यात टाकू नये, हे चौथ्या अध्यायात आहे. पालिकेच्या पाणीपुरवठा अभियंत्याला यात खटकावे असे काही नाही. दुसरे उत्तर मात्र पाण्याकडे ढुंकूनही पाहत नाही. पाणी कोणी भरले, कोणाचा हात लागला, एवढेच ते विचारते. ज्या ग्रंथात पहिली कसोटी आहे, त्याच ग्रंथात चांडाळाची वस्ती गावाबाहेर आहे.

पुण्यात पेशवाईपासून कात्रजचे पाणी बंदिस्त नळांतून पेठांमधल्या हौदांपर्यंत येई. नळ बांधणे हा स्थापत्याचा प्रश्न होता. हौदावर कोणी यायचे, हा धर्माचा. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला तो या दुसऱ्या प्रश्नाला दिलेला जबाब होता. पण तो हौद खासगी होता. सार्वजनिक पाण्याचा कस लागला महाडला.

१९२३ साली मुंबई विधिमंडळात सी. के. बोल्यांचा ठराव झाला: सरकारी खर्चाने बांधलेली वा चालवलेली पाणवठ्यांची ठिकाणे अस्पृश्यांना खुली असावीत. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्याला धरून चवदार तळे खुले केले, पण कागदावरच. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे सत्याग्रही तळ्यावर जाऊन पाणी प्याले. त्यानंतर सवर्णांनी तळ्याची शुद्धी केली ती दही, दूध, शेण आणि गोमूत्राच्या १०८ घागरी ओतून. पहिल्या कसोटीने पाहिले तर माणसे ओंजळभर पाणी प्याल्याने तळ्याचे काही बिघडले नव्हते. शेणाच्या घागरींनी मात्र बिघडले असणार. दोन व्याख्या इतक्या समोरासमोर क्वचितच येतात. त्याच तळ्यावर परधर्मीयांना मज्जाव नव्हता, हेही लक्षात घेण्यासारखे. नगरपालिकेने ऑगस्टमध्ये आपला ठराव मागे घेतला, डिसेंबरात महाडलाच मनुस्मृती जाळली गेली आणि उच्च न्यायालयाचा अस्पृश्यांच्या बाजूचा निकाल यायला १९३७ उजाडले.

नळाच्या पाण्याने हा पेच न सोडवताच मागे टाकला. सनातनी घरांत सुरुवातीला नळाला हरकत होती. तोटीत चामड्याचा वायसर असतो आणि टाकीवर कोणकोणत्या जातीचे हात लागतात ते कळत नाही, ही त्यातली ठळक कारणे. सोवळ्यातला स्वयंपाक आडाच्या पाण्याने आणि बाकी सगळे नळाच्या, अशी वाटणी करून पुष्कळ घरांनी मध्यम मार्ग काढला. कारागिराचा हात आणि बाजारात मांडलेला माल नेहमी शुद्धच, असे मनूनेही म्हटले आहे. म्हणजे शास्त्राधार हवाच असता तर तो सापडण्याजोगा होता. प्रत्यक्षात शास्त्रार्थापेक्षा सोयीने काम केले. नळ भरणाऱ्याचा चेहरा दाखवत नाही, आणि न दिसणाऱ्या हाताचा विटाळ फार काळ मानता येत नाही.

जाणाऱ्या पाण्याचे तसे झाले नाही. टोपलीच्या संडासांच्या काळात मैला वाहणारा रोज दारात दिसे, आणि त्याची जात ठरलेली असे. अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम मागितले, तेव्हा ते नाकारले गेले, कारण उच्चवर्णीय कैद्याला ते देण्याची रीत नव्हती. त्यावर त्यांनी अन्नत्याग केला, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही. घाण काढण्याचा हक्क मागावा लागतो, ही गोष्ट वरकरणी हास्यास्पद वाटेल. पण धर्माने ज्या कामाला पाप चिकटवले आहे ते ब्राह्मणाने स्वेच्छेने करणे म्हणजे पाप कामात नाही, वाटपात आहे असे म्हणणे होते. तुरुंगाला नेमके तेच परवडत नव्हते.

पुढे गटारे भूमिगत झाली, टोपल्या गेल्या, १९९३ आणि २०१३ सालचे कायदे आले. तरीही तुंबलेल्या चेंबरमध्ये माणूस उतरतो, विषारी वायूने मरतो, आणि मरणारा बहुधा त्याच जातींतला असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूंसाठी १० लाखांची भरपाई ठरवली, २०२३ मध्ये ती ३० लाख केली. महाराष्ट्रात तर आणखी एक गाठ आहे. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या जागी त्याच्या वारसाला नोकरी मिळते. जन्माने लादलेले काम जन्मानेच मिळणारा हक्क होऊन बसले, आणि कायम नोकरी दुर्मीळ असल्याने कामगार तो सोडायला तयार नाहीत. त्यांना तसे करायला सांगणाऱ्याने आधी दुसरी कायम नोकरी दाखवावी, हा त्यांचा जबाब बिनतोड आहे.

कचऱ्यात दोन्ही कसोट्या आजही शेजारी दिसतात. पालिकेच्या लेखी फुले म्हणजे ओला कचरा, पण देवावर वाहिलेली फुले निर्माल्य, म्हणून नदीकाठी निर्माल्य कलश वेगळे. आतल्या फुलांचे शेवटी खतच होते. उलट बाजूला सॅनिटरी पॅड. पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ संस्थेला ते कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढून द्या, असे घरोघर सांगावे लागले. त्या कामात बहुसंख्य बाया आहेत, आणि दुसऱ्या बाईचे पॅड उघड्या हाताने वेगळे काढण्याची वेळ त्यांच्यावर येत होती.

उरतो तीर्थाचा प्रश्न. मुळा-मुठेत गेलेले पुण्याचे सांडपाणी, शुद्ध केलेले आणि न केलेलेही, भीमेतून उजनीत पोचते. उजनीचे पाणी सोलापूर पिते. तेच पाणी पुढे पंढरपूरला चंद्रभागा होते, आणि वारीच्या वेळी पात्र कोरडे असेल तर स्नानासाठी उजनीतून सोडावे लागते. तीर्थ कधी विटाळत नाही, अशी श्रद्धा आहे. प्रयोगशाळा तसे म्हणत नाही. यातून श्रद्धेला बाजूला सारायचे कारण नाही, कारण पाण्यात घाण टाकू नये हेही तीच परंपरा सांगते. गंमत दुसरीकडे आहे. प्रक्रिया केलेले सांडपाणी थेट नळाने देऊ म्हटले तर शहरे नाक मुरडतात, मग ते चाचणीत कितीही स्वच्छ ठरो. तेच पाणी नदीतून आणि धरणातून फिरून आले की कोणी त्याचे मूळ विचारत नाही. पाण्याच्या रंग-वास-चवीपेक्षा ते आले कुठून हे महत्त्वाचे मानणारी दुसरी कसोटी इथे पुन्हा लागू होते, फक्त हरकत घेणाऱ्याला आता सोवळ्याचा आधार लागत नाही. खालच्या गावांना मात्र मूळ विचारण्याची सवड नाही; त्यांच्या जलशुद्धीकरण केंद्रात पुण्याने वापरलेले पाणीच येते.