ठेका कुणी धरायचा?

पुण्याहून विजापूरला सोलापूरमार्गे गेलं तर सहा-सात तासांत पोचता येतं. आम्ही आठव्या दिवशी पोचलो. सातारा, कोल्हापूर, बेळगाव, धारवाड, हुबळी, बदामी असा वळसा घेत, मुद्दाम रेंगाळत गेलो. दिवसाला सव्वाशे किलोमीटरच्या वर गाडी चालवायची नाही एवढाच नियम होता. तो नवऱ्याने केला आणि मला आवडला. लग्नाला चार वर्षं होऊनही आम्ही सलग आठ दिवस एकमेकांच्या सोबत, काहीच न करता, काढले नव्हते.

सावकाश जाण्याचं सध्या कौतुक फार आहे. रील्समध्ये चहाचा ग्लास, मागे धुकं, खाली मजकूर की आयुष्य जगायला शिका. त्यात ग्लास कुणी विसळला ते दिसत नाही. सावकाशी ही स्वभावाची गोष्ट आहे, मनावर घेतलं की जमते, असं आपण धरून चालतो. मला मात्र या प्रवासात एक वेगळाच प्रश्न पडत राहिला. दोन माणसं एकाच गाडीत, एकाच वेगाने चालली असतील, तर दोघांची सावकाशी सारखी असते का?

सावकाशी म्हणजे निव्वळ पैसेवाल्यांचे चोचले, असं म्हणून हा विषय झटकता येत नाही. 1982 च्या मे-जूनमध्ये अर्जेंटिनाचा लेखक हुलिओ कोर्तासार आणि त्याची बायको कॅरोल डनलॉप यांनी पॅरिसहून मार्सेयला जायला 33 दिवस लावले. खरं तर तो महामार्ग एका दिवसात संपतो. त्यांनी नियम केला होता की महामार्ग सोडायचा नाही, रोज दोन थांब्यांवर थांबायचं आणि दुसऱ्या थांब्यावर रात्र काढायची. लोक जिथे लघवीला उतरतात आणि निघून जातात, तिथे हे दोघं लाल फोक्सवॅगन व्हॅनबाहेर खुर्च्या मांडून टाइपरायटरवर लिहीत बसायचे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कॅरोल गेली. दोघांचं पुस्तक त्याने एकट्याने पूर्ण केलं, ते 1983 मध्ये आलं. वेळ थोडा उरलेली माणसंसुद्धा घाई नाकारू शकतात, हे त्या प्रवासातलं मला सगळ्यात मोठं वाटतं. पण एक बारीक तपशील मी विसरू शकत नाही. महामार्ग सोडायचा नसल्यामुळे मधल्या काळात त्यांचे मित्र ताजं खाणंपिणं घेऊन भेटायला यायचे. त्या मित्रांना येताना-जाताना नेहमीच्याच वेगाने गाडी हाकावी लागली असणार.

आमच्या गाडीत असे मित्र नव्हते. मी होते.

हे रागाने म्हणत नाही, हिशोब मांडतेय. गाडी आम्ही दोघंही चालवतो. (पेट्रोल पंपावर मात्र स्टिअरिंग माझ्या हातात असताना 'किती टाकू, साहेब?' हे शेजारी बसलेल्या माणसाला विचारतात.) चालवण्याची वाटणी सोपी असते, किलोमीटर मोजता येतात. बाकीचं मोजता येत नाही. पुढच्या मुक्कामाची खोली मिळाली का, तिथे गरम पाणी कितीपर्यंत असतं, सासूबाईंची बीपीची गोळी संपत आली होती ती कुणी आणून दिली का, कुंडीतल्या झाडांना शेजारच्या काकू पाणी घालतायत का. आणि सगळ्यात खालच्या पातळीवरची, म्हणून कुणी न बोलणारी गोष्ट म्हणजे पुढचं बरं स्वच्छतागृह किती लांब आहे. मी रस्त्यावर पाणी बेताने पिते. तो उसाचा रस दिसला की गाडी थांबवतो. तो शेताकडे बघायचा तेव्हा त्याला शेत दिसायचं. मी आडोसा किती आहे ते बघायचे.

कोल्हापूरबद्दल काही लिहीत नाही, ते कोल्हापूरकरांनी लिहावं. बेळगावात कुंदा खाल्ला. धारवाडला पोचलो तेव्हा पाऊस नुकताच येऊन गेला होता. धारवाड मल्लिकार्जुन मन्सूरांचं, वीस किलोमीटरवरची हुबळी गंगूबाई हनगलांची. त्यामुळे गाडीत दोन दिवस ख्यालच चालू होता. मला गाण्यातलं फार कळत नाही, पण त्या दिवशी पहिल्यांदा मी गाणाऱ्याला सोडून तबला ऐकला. विलंबित एकतालाच्या बारा मात्रांचं एक आवर्तन पूर्ण व्हायला कधीकधी जवळपास मिनिट लागतं. तेवढ्या वेळात गाणारी बाई एका सुराभोवती हवी तितकी फिरते, थांबते, मागे वळते. ती हरवत नाही, कारण तबलजी ठेका धरून बसलेला असतो. त्या मिनिटात त्याला मिरवायला काही नसतं. त्याने रेंगाळायचं ठरवलं तर गाणंच पडेल. विलंबित लय दोघांची असते, पण तिच्यात मोकळं फिरणं एकाच्या वाट्याला येतं.

गंगूबाईंच्या आई अंबाबाई स्वतः कर्नाटक पद्धतीचं गायच्या. मुलगी हिंदुस्थानी शिकतेय, तिच्या कानावर दुसरं वळण पडू नये म्हणून त्यांनी आपलं गाणं बंद केलं. सवाई गंधर्वांची तालीम घ्यायला गंगूबाई हुबळीहून कुंदगोळला आगगाडीने जात-येत. गाडीची वेळ धरायची, परतायची. तो ऐसपैस, न घाबरता ठेवलेला सूर अशा वेळापत्रकात घडला, आणि त्याच्या मागे एका बाईचं गप्प होणं आहे. हे कळल्यावर मला तो सूर कमी सुंदर वाटला का? नाही. पण आता तो ऐकताना अंबाबाईंची आठवण येतेच. ती आली नाही तर ऐकण्यात काहीतरी खोट आहे असं वाटतं.

हुबळीबाहेर चहाला थांबलो तेव्हा हे सगळं मी नवऱ्याला सांगितलं. तो वाद घालणारा माणूस आहे. म्हणाला, "अगं, पण तुला कुणी सांगितलं एवढं डोक्यात घ्यायला? नाही मिळाली खोली तर बघू की." या 'बघू की'वर मी बराच विचार केलाय. जो बघू म्हणतो तो सहसा बघत नाही, पण बघितलं जातं, असा त्याचा आयुष्यभराचा अनुभव असतो. त्याच्या आईने, बहिणीने तो अनुभव जपलेला असतो. मी म्हटलं, "ठीक आहे, बदामीचे दोन दिवस ठेका तू धर." तो हसून हो म्हणाला.

बदामीची लेणी लाल वालुकाश्मात, खाली अगस्त्य तलाव. पहिल्याच लेण्याच्या तोंडाशी अठरा हातांचा नटराज आहे. त्याच्यासमोर नवरा दोन हातांत दोन फोन घेऊन उभा होता. एकावर लॉजवाले, दुसऱ्यावर आई. तिसऱ्या लेण्यात मंगलेशाचा शके 500 चा, म्हणजे 578 सालचा लेख आहे. तो मी नीट उभं राहून पाहिला, शेषावर बसलेल्या विष्णूसमोर पाय दुखेपर्यंत थांबले. संध्याकाळी तो म्हणाला, "मी लेणी बघितलीच नाहीत गं." मला हसू आलं, आणि लगेच वाईटही वाटलं, कारण लेणी न बघता परतणं कसं असतं ते मला माहीत आहे.

आणखी एक कबूल करायला हवं. मोकळे मिळालेले दोन दिवस मला सुरुवातीला झेपलेच नाहीत. हात सारखा फोनकडे जायचा. ठेका धरायची सवय लागली की ती सुटत नाही, आणि ती सुटू नये यात आपला थोडा स्वार्थही असतो. माझ्यावाचून अडतं, हे सुख लहान नसतं.

तर नवरा-बायकोत अदलाबदल करता येते. ती कटकटीची, भांडणाची असते, पण करता येते. त्यापुढे काय, हे मला अजून सुटलेलं नाही. बदामीहून निघायला आम्हाला उशीर झाला, तलावाकाठी उजेड जाईपर्यंत बसलो. नवऱ्याने आठवणीने विजापूरच्या लॉजला कळवलं. मालक मोडक्या मराठीत म्हणाले, "आरामात या, पोरगा आहे." पावणेअकराला पोचलो तेव्हा अर्धं ओढलेल्या शटरजवळ एक अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा प्लास्टिकच्या खुर्चीत बसून पेंगत होता. त्याने बॅगा वर नेल्या, पाणी आणून ठेवलं. गावाकडे जाणारी त्याची शेवटची गाडी नऊलाच गेली होती. तो तिथेच बाकावर झोपणार होता. नवऱ्याने पैसे पुढे केले, त्याने ते घेतले, आणि आम्ही दिवा मालवला.

'आरामात या, पोरगा आहे.' आपल्या सगळ्या निवांतपणाचं व्याकरण या वाक्यात आहे असं मला वाटतं. त्या पोराशी मी अदलाबदल करू शकत नाही. त्याच्या बाकावर मी झोपणार नाही, आणि आठ दिवस हिंडायला त्याच्याकडे सुट्टी नाही. मग जाऊच नये का? तेही पटत नाही. आम्ही घरी बसलो म्हणून त्याला शेवटची गाडी मिळाली नसती. कुणीतरी दुसरं पावणेअकराला पोचलं असतं. पण 'कुणीतरी आलंच असतं' हा बचाव मला 'बघू की'चा सख्खा भाऊ वाटतो.

सकाळी गोलघुमट उघडल्या उघडल्या आम्ही जिना चढलो. मुहम्मद आदिलशाहची ही कबर, तो 1656 मध्ये वारला. घुमटाच्या आतून गोल सज्जा आहे. त्याच्या भिंतीशी तोंड नेऊन एका टोकाला कुजबुजलं की समोरच्या टोकाला स्पष्ट ऐकू येतं, मात्र बाकीचे सगळे गप्प असले तरच. तो पलीकडे जाऊन उभा राहिला. मला वाटलं काहीतरी प्रेमाचं बोलेल, सगळी जोडपी बोलतात. भिंतीतून त्याचा आवाज आला, "तो पोरगा घरी गेला का गं?"

मी उत्तर दिलं. पण तोवर एक शाळेची सहल वर पोचली होती, आणि पहिल्याच मुलाने जोरात शीळ घातली.