वैयाकरण

‘वैयाकरण’ हा शब्द आपण आता फारसा वापरत नाही. व्याकरणकार म्हणतो, भाषातज्ज्ञ म्हणतो. आणि तो कानावर आलाच तर डोळ्यांपुढे येतो ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांखाली लाल रेघ ओढणारा मास्तर. शब्दाची फोड केली की हे चित्र टिकत नाही.

वि, आ आणि कृ. व्याकरण म्हणजे वेगळे करून उलगडणे. चूक-बरोबर ठरवणे मूळ अर्थात कुठेच नाही. तैत्तिरीय संहितेत एक कथा आहे. पूर्वी वाणी अखंड होती, तिचे भाग पडलेले नव्हते. देवांनी इंद्राला विनंती केली आणि त्याने मध्ये शिरून ती विभागली. ‘व्याकृत’ वाणी ती हीच. गंमत अशी की त्याच कृ धातूला ‘सम्’ जोडला की ‘संस्कृत’ होते. एक जुळवणे, एक उलगडणे. दोन्ही कामे एकाच धातूची.

‘वैयाकरण’ या रूपातही हे उलगडणे दडले आहे. इतिहासाचे ऐतिहासिक, भूगोलाचे भौगोलिक होताना पहिल्या स्वराची वृद्धी होते. ‘व्याकरण’मध्ये पहिला स्वर आधीच ‘आ’ आहे, तेव्हा तेथे काही दिसायला नको. पण त्यातला य् हा मुळात ‘वि’ या उपसर्गाचा इ आहे, संधीत विरघळलेला. पाणिनी या य् च्या आधी ‘ऐ’ आणायला सांगतो. हरवलेला इकार असा मोठा होऊन परत येतो. न्यायापासून ‘नैयायिक’ होते ते याच वाटेने, कारण तिथेही ‘नि’ लपलेला आहे.

इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या पतंजलीने महाभाष्यात एक प्रसंग रंगवला आहे. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी या ग्रंथाचे मराठी भाषांतर केल्यामुळे तो आपल्याला आपल्या भाषेत वाचता येतो. एक वैयाकरण विचारतो, या रथाचा ‘प्रवेता’, म्हणजे हाकणारा, कोण? सारथी उत्तर देतो, मी ‘प्राजिता’. हा अपशब्द आहे, असे वैयाकरण बजावतो. सारथी म्हणतो, तुम्हाला नियम कुठे लागू पडतो ते कळते. लोकांना कोणते रूप इष्ट आहे, ते कळत नाही. वैयाकरण चिडून ‘सूत’ (सारथी) या शब्दातला ‘सु’ काढून ‘दुर्’ लावतो आणि त्याला ‘दुरुत’ म्हणतो. सारथी तीही व्युत्पत्ती दुरुस्त करतो: ‘सूत’ हा शब्द विणण्याच्या धातूपासून आलेला नाही, तेव्हा शिवीच द्यायची तर ‘दुःसूत’ म्हणा! स्वतः वैयाकरण असलेल्या पतंजलीने सारथ्याला जिंकू दिले. मला हा प्रसंग या शास्त्राची सर्वांत मोठी शान वाटतो.

आपल्याकडे त्या सारथ्याचे ऐकले जात नाही. नागपूरचा माणूस ‘तो जेवून राहिला’ म्हणतो तेव्हा त्याचे जेवण चालू असते. पुण्याच्या कानाला वाटते, जेवला आणि मुक्कामाला थांबला. मग विदर्भातले पोर पुण्यात आले की त्याला हसतात. खरे तर इथे ‘राहणे’ हे क्रियापद मुक्कामाचा अर्थ सोडून क्रिया चालू असल्याची खूण झाले आहे. पुण्याचे ‘जेवत आहे’ जे काम करते, तेच काम ते नेमकेपणाने करते. हसणाऱ्याला भाषा येत असेल, पण त्याने ती व्याकृत केलेली नाही. ज्याने थांबून ‘राहिला’ वेगळा काढून पाहिला, तो वैयाकरण. मग त्याच्या हातात लाल पेन असो वा नसो.

आणि हे नाव केवळ पारंगतांसाठी राखलेलेही नाही. ‘वैयाकरण’मधला प्रत्यय पाणिनीने दोन अर्थी सांगितला आहे: ते शास्त्र जाणणारा आणि ते शिकणारा. व्याकरणाचे पहिले पान आज उघडणारी शाळकरी मुलगीही, पाणिनीच्या हिशेबाने, वैयाकरणच आहे.