उंबऱ्याच्या आतली नोकरी

घरून काम करण्याची परवानगी आपल्याकडे अजूनही बहुतेक ठिकाणी साहेबाच्या मर्जीवर मिळते. मुलाचं दहावीचं वर्ष आहे, सासऱ्यांचं डायलिसिस चालू आहे, हिंजवडीला जाण्यायेण्यातच दिवस जातो, असं काहीतरी सांगावं लागतं. साहेब ‘ठीक आहे, बघू’ म्हणतात आणि व्यवस्था सुरू होते. कागदावर काही येत नाही. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा अटी ठरवायला कुणाला सवड नव्हती, हे समजण्यासारखं आहे. पण अडचणीच्या काळात चालवून घेतलेली पद्धतच पुढे रूढ झाली आणि त्यात दोन्ही बाजूंचं नुकसान होत आहे, असं माझं ठाम मत आहे.

मर्जीने मिळालेलं मर्जीनेच जातं. ते जाऊ नये म्हणून माणूस किंमत मोजत राहतो. रात्री साडेनऊच्या मेसेजला लगेच उत्तर देतो, अंगात ताप असला तरी रजा टाकत नाही, जेवायला उठतानाही आपल्या नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा होणार नाही याची काळजी घेतो. वरिष्ठही त्या ठिपक्यावरच नजर ठेवून असतात, कारण कामाचं दुसरं माप कुणी ठरवलेलंच नसतं.

घरी बसून दुसऱ्याचं काम करणं महाराष्ट्राला नवीन नाही. सोलापुरातल्या विडी कामगार बायका पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आल्या आहेत. कारखान्यातून पान-तंबाखू आणायचा, मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या, सूत गुंडाळायचं आणि माल परत नेऊन द्यायचा. जागा घरची, दिवा घरचा, तंबाखूची धूळ लेकरांच्या नाकात. त्यातल्या किती विड्या ‘छाट’ म्हणून बाद करायच्या, ते मात्र माल घेणारा ठरवणार. १९६६च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरात वळणाऱ्या बाईलाही कामगार मानलं आणि कच्चा माल किती दिला, विड्या बाद का केल्या, यावरचे तंटे नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे नेण्याची सोय केली. कारखानदार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७४मध्ये न्यायालयाने कायदा कायम ठेवला. लॅपटॉपवर काम करणाऱ्यांनी हा इतिहास आपला मानावा असं मला मनापासून वाटतं. काम चांगलं झालं की नाही हे कशावरून ठरणार आणि घराचा खर्च कोण सोसणार, हे प्रश्न तेच आहेत.

घरून कामाच्या अटी संमतीने ठरवण्याचं बीज आपल्या कायद्यात आहे. २०१७च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यात तरतूद केली, की कामाचं स्वरूप तसं असेल तर प्रसूती रजेनंतर घरून काम देता येईल आणि त्याचा काळ व अटी मालक आणि ती स्त्री परस्परसंमतीने ठरवतील. हीच रीत सगळ्यांसाठी का असू नये? युरोपातल्या मालक आणि कामगार संघटनांनी २००२मध्येच तसा समझोता केला. घरून काम दोघांच्याही राजीखुशीने, नकार दिला म्हणून नोकरीवरून काढायचं नाही, साधनं सहसा मालकाने पुरवायची आणि परत येण्याची वाट मोकळी.

जोखमीचं तर आपण बोलतच नाही. जर्मनीत एक माणूस सकाळी झोपायच्या खोलीतून खालच्या मजल्यावरच्या कामाच्या खोलीकडे निघाला आणि गोल जिन्यावरून घसरला. पाठीचा मणका मोडला. डिसेंबर २०२१मध्ये तिथल्या सर्वोच्च सामाजिक न्यायालयाने तो कामावरचा अपघात ठरवला. पुण्यातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये असं झालं तर काय, हे आधी लिहून ठेवलेलं बरं.

मालकाचीही बाजू आहे. नवा मुलगा शेजारच्या अनुभवी माणसाचं बघून शिकतो. ते घरी होत नाही. ग्राहकाची गोपनीय माहिती घरातल्या सामायिक वायफायवर कशी सांभाळायची, हा प्रश्नही रास्तच आहे. म्हणून तर कोणते दिवस ऑफिसात यायचं, किती वाजल्यानंतर फोन घ्यायचा नाही, आठवड्याच्या शेवटी कोणतं काम हातात द्यायचं, हे सगळं स्पष्ट लिहावं.

चीनमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीत निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग इथे महत्त्वाचा आहे. शांघायच्या कॉल सेंटरमधल्या, स्वतःहून तयार झालेल्या कर्मचाऱ्यांपैकी काहींना नऊ महिने घरून काम दिलं. त्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी सुधारली, नोकरी सोडण्याचं प्रमाण निम्म्याने घटलं. पण तेवढ्याच चांगल्या कामावर बढती मिळण्याची शक्यता कमी झाली. प्रयोगानंतर निवड करायला सांगितलं, तेव्हा घरी असलेल्यांपैकी जवळपास निम्मे लोक एकटेपणाला कंटाळून ऑफिसात परतले. घरून काम मानवतं की नाही, हे ते केल्याशिवाय कळत नाही. म्हणून पहिले तीन महिने चाचणीचे असावेत, बढतीचे निकष दोन्हीकडच्या लोकांना एकच असावेत, व्यवस्था मोडायची तर दोघांनीही महिनाभर आधी लेखी सांगावं आणि चाचणी संपेपर्यंत ऑफिसातली त्या कर्मचाऱ्याची जागा दुसऱ्या कुणाला देऊ नये.